उजव्या बाजूची स्प्रिंग

बाईने घोडागाडी बांधायची, ही कल्पनाच लाउथ गावाच्या पचनी पडत नव्हती. नवरा गेल्यावर केझाया ब्लँचर्डने कारखान्याला कुलूप लावलं नाही. तिने स्वतः खडू उचलला आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या काळ्या फळ्यावर गाडीचा खऱ्या मापाचा आराखडा काढू लागली. तेव्हा समोरच्या कारखान्याचे मालक गॅदरकोल म्हणाले होते, पाव भाजणं वेगळं आणि चाकं पळवणं वेगळं. गावानेही माना डोलावल्या. वर्षभर तिच्या वाट्याला नुसती डागडुजीच आली. मोडकी चाकं आणि फाटक्या गाद्या.

मग बिअर गाळणारे पिंडर आले. त्यांच्या बायकोला दोघांपुरती बंद गाडी हवी होती. ही एक गाडी गावाच्या मनात भरली तर कारखाना तगणार होता. नाहीतर तो गॅदरकोलच्या घशात जायचा आणि केझायाचे कारागीर वाऱ्यावर.

तिने त्या गाडीत जीव ओतला. ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाचा सांगाडा उभा राहिला. त्यावर महोगनीच्या पातळ फळ्या, एका अंगाने ओलं फडकं आणि दुसऱ्या अंगाने निखाऱ्याची धग देत, लाडीगोडीने वाकवून बसवल्या. घेरदार झगे अडकू नयेत म्हणून दार खाली रुंद ठेवलं. व्हार्निशच्या खोलीत तर धूळ उडू नये म्हणून जमीन भिजवून, दारं लावून थरावर थर चढले. आत शिंकायची कोणाची टाप नव्हती. शेवटी तो बाटलीसारखा हिरवा रंग असा खुलला, की रंगारी त्यात बघून दाढी करीन म्हणाला.

घोडं अडलं ते स्प्रिंगांपाशी. स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाची लागते. हलक्या माणसाला कडक दिली तर हाडं खिळखिळी होतात, जड माणसाला मऊ दिली तर गाडी कलते. पिंडर होते काडीपैलवान आणि लविनियाबाई चांगल्या खात्यापित्या घरच्या. बरं, वजन विचारायचं कसं? लाउथमध्ये बाईचं वय विचारणारा एकवेळ सुटेल, वजन विचारणाऱ्याला कोणी दारात उभं करणार नाही. केझायाने आडवळणाने विचारून पाहिलं. लविनियाबाईंनी पापणीही न लवता सांगितलं, लग्नात होतं तेवढंच आहे.

स्प्रिंगा करणाऱ्या एनॉकने हातोडा ऐरणीवर ठेवला.

"बाई, त्यांच्या शब्दावर स्प्रिंग केली तर पहिल्याच वळणाला त्या गटारात जातील."

"आणि नाही केली तर मी त्यांना खोटं पाडलं असं होईल."

"त्यांना कळलं तर ना," एनॉक म्हणाला.

मग त्यांनी एका जुन्या गाडीवर नवी बैठक ठेवली, तिच्या स्प्रिंगशेजारी एक पट्टी ठोकली आणि गादीचं कापड पसंत करायला लविनियाबाईंना बोलावलं. बाई आल्या, बसल्या, केकचे दोन तुकडे खाल्ले, जांभळट कापड निवडलं आणि खूश होऊन गेल्या. स्प्रिंग किती दबली त्याची खूण एनॉकने गुपचूप पट्टीवर केलीच होती. त्या गेल्यावर तो स्वतः चढून बसला, आणि एनॉक काही लहानखुरा गडी नव्हे. तरी खूण गाठता येईना. त्याच्या मांडीवर घोड्यांच्या ओटचं पोतं दिलं तेव्हा कुठे जमलं. दारं लावून घेईपर्यंत कोणी हसलं नाही.

मानाची जागा उजवीकडची, म्हणजे घरच्या बाईची. म्हणून उजव्या स्प्रिंगांना पोलादाची जादा पाती चढवली, तीही अशी की बाहेरून पत्ता लागू नये. सगळा हिशेब चोख होता. केझाया विसरली ती फक्त लविनियाबाईंच्या सासूला.

थोरल्या मिसेस पिंडरनी आधीच जाहीर केलं होतं, की असल्या खोक्यात मी पाय ठेवणार नाही. ते केझायाच्याही कानावर आलं होतं आणि तिने ते खरं मानलं होतं. पण रविवारी सकाळी गाडी दारात लागली, शेजाऱ्यांचे पडदे हलले, आणि म्हातारीने टोपी चढवली. घरातली थोरली म्हणून ती सरळ उजवीकडे जाऊन बसली. पिंडर मुकाट्याने गाडीवानाशेजारी चढले.

चर्चसमोर गाडी आली ती डावीकडे झुकत, दारू पिऊन आल्यासारखी. उजवीकडे पिसासारखी म्हातारी उंचावर, आणि डावीकडे सुनेचा गाल काचेला टेकलेला. चर्चच्या दारात उभी असलेली केझाया दोन पावलं पुढे आली.

"मिसेस ब्लँचर्ड," गॅदरकोल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडी उभी आहे की आडवी पडलीय?"

लोक हसले. लविनियाबाई उतरल्या, गाडीकडे पाहिलं, मग केझायाकडे. त्यांना केकची दुपार आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा पडला. खरं कारण सांगितलं असतं तर कारखाना तिथल्या तिथे वाचला असता. केझायाच्या मागे भिंतीला टेकून तिची माणसं उभी होती. तिला रडू फुटेल असं वाटलं. पण भर चर्चच्या दारात एका बाईचं वजन काढायला तिची जीभ वळेना.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "स्प्रिंगा मी सांगितल्या तशाच झाल्यात. एनॉकला बोल लावू नका."

गॅदरकोल प्रसन्न हसले. लविनियाबाई मात्र एकदा म्हाताऱ्या सासूच्या बैठकीकडे आणि एकदा स्प्रिंगांकडे बघत होत्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत गेलं.

"सासूबाई, जरा डावीकडे सरका."

"मी सरकू? माझी जागा कोणती ते आता तू सांगणार?"

"सरका हो, एवढे लोक बघतायत."

लोकांचं नाव काढल्यावर म्हातारी सरकली. लविनियाबाई उजवीकडे जाऊन बसल्या, तशी गाडी कुरकुरली आणि अगदी सरळ झाली. लोकांचं हसू थांबलं. लविनियाबाईंनी काच खाली केली.

"गाडीत काडीचाही दोष नाही. वजन मीच खोटं सांगितलं होतं. यांनी खरं हुडकून माझ्या मापाने गाडी बांधली. आता मी उजवीकडे बसले तरच ती सरळ चालणार, त्याला मी तरी काय करू?"

"मग त्या स्प्रिंगा बदला," आतून म्हातारी म्हणाली.

ते दोन दिवसांचं काम होतं. केझाया तसं सांगणार, तेवढ्यात तिला लविनियाबाईंचे डोळे दिसले. लग्न झाल्यापासून ही बाई डावीकडे बसत आली होती.

"बदलता येत नाहीत, आजीबाई," केझाया म्हणाली. "गाडीचा तोलच जाईल."

एनॉकला मोठा खोकला आला. वर बसलेले पिंडर आभाळाकडे बघत राहिले.

सोमवारी दार उघडलं तर डॉक्टरांची बायको पायरीवर उभी. सडपातळ, हलक्या आवाजाची. पिंडरांसारखीच गाडी हवी म्हणाली, आणि मग आणखी आवाज उतरवून तिने सांगितलं, की घरी सासूबाई आहेत आणि त्या तिच्या दुप्पट आहेत.

केझायाने फळा पुसून खडू हातात घेतला.

"एनॉक," तिने हाक मारली, "या वेळी कडक स्प्रिंग डावीकडे."