फिका निळा

मी काचेची सिरिंज बोलतेय. घाबरू नका, सुई काढून ठेवलीय. तरी दंड झाकलातच ना? माणसांची हीच तऱ्हा.

जन्म काचेच्या कारखान्यातला, आयुष्य गेलं म्हैसूरच्या एका मोठ्या दवाखान्यात. ही गोष्ट असेल एकोणीसशे चौसष्टची. एकदा वापरून फेकायची चैन तेव्हा नव्हती. सकाळी उकळत्या पाण्यात आंघोळ, मग दिवसभर परक्या दंडांची उठाठेव. पाच सीसी म्हणजे पाच सीसी, थेंबभर इकडेतिकडे नाही. माणसं मात्र सगळं अंदाजानं सांगतात, तेही छातीठोक.

आमच्या वॉर्डात शंभूराव शिंपी होते. हृदय दोन वर्षांपासून थकलेलं. पाय सुजलेले, चेहरा पांढराफटक, आडवं झालं की दम लागायचा. म्हणून बिचारे बसूनच डुलक्या घ्यायचे. उशाशी बायको कुसुमबाई. "यांच्यात रक्तच उरलं नाही," हे त्यांनी आल्या आल्या सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. तर ही बाई पदराआडून चांगली खारट रागीची अंबली, म्हणजे नाचणीची आंबील, पाजायची, वाटीवर वाटी! कुसुमबाईंपुढं डॉक्टर कोण?

डॉक्टर शेषगिरींनी आधी रक्त किती वेगानं फिरतंय ते पाहिलं. मी दंडातल्या शिरेत गोड औषध सोडायचं, ते जिभेला लागलं की रोग्यानं बोलायचं. धडधाकट माणूस पंधरा सेकंदांत "गोड" म्हणतो. शंभूराव चौतिसाव्या सेकंदाला म्हणाले.

"बघा! रक्त असलं तर फिरणार, अल्वा, खरं ना?" कुसुमबाई गरजल्या.

दुसऱ्या दिवशी बन्नूरच्या बसनं कुसुमबाईंचा भाऊ नागराज रक्त द्यायला हजर. बाही सरसावून वीर स्टुलावर बसला, मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"डॉक्टरे, एक बाटली चढवा. मरतील हो हे!" कुसुमबाई म्हणाल्या.

"चढवली तर मरतील. रक्त कमी नाही बाई, त्यात पाणी जास्त झालंय. मोजून दाखवतो."

"अय्यो, सुम्मने, उगाच आकडे नका सांगू. तोंड बघा की यांचं!"

तोंड बघून रक्त मोजणारी! हसू आवरताना माझा दट्ट्याच अडकला.

मी शंभूरावांच्या एका दंडात मोजून निळा रंग सोडला. दहा मिनिटांनी दुसऱ्या दंडातून रक्त घेतलं. तेवढ्याच अंगाच्या धडधाकट कंपाउंडरलाही तसंच केलं. रक्ताचा लाल गाळ खाली बसला की वर निळसर पाणी राहतं. त्या दोन नळ्या घेऊन डॉक्टर आले आणि टक्केवारी समजावू लागले. आणखी एक शहाणा! कुसुमबाईंनी नळ्या त्यांच्या हातातून घेतल्या आणि खिडकीशी गेल्या. माहेर कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याचं, लहानपण रंगाच्या हंड्यांपाशी गेलेलं.

"दोघांना रंग सारखाच घातला?"

"अगदी सारखा."

"मग यांची फिकी का?"

डॉक्टर तोंड उघडणार, तोच बाईंचाच चेहरा उतरला.

"हंड्यात पाणी वाढलंय," त्या पुटपुटल्या. "आणि मी रोज वरून..." आणि एकदम भावावर ओरडल्या, "नागराजा, बाही खाली कर!"

नागराजनं इतक्या चपळाईनं कुठलंच काम केलं नसेल.

रंग मोजायच्या यंत्रानं आकडा दुपारी दिला: सव्वा लिटर पाणी जास्त. बाईंनी सकाळीच सांगितलं होतं. मीठ खरंच सुटलं, लघवीचं औषध माझ्यातूनच गेलं. पाचव्या दिवशी जेवणानंतर शंभूराव पाठ टेकून गाढ झोपले. कुसुमबाई दर घटकेला त्यांच्या नाकाशी बोट धरायच्या. शेवटी तेच खेकसले, "जिवंत आहे गं! झोपू दे ना!"

आता मी बोगादीला, डॉक्टरांच्या घरी काचेच्या कपाटात पडून आहे. आलेले पाहुणे अजूनही कुणाकुणाचं रक्त चेहऱ्यावरून मोजतात. मी कपाटातून ऐकत असते. तुम्हाला हात जोडून एकच सांगणं. आजाऱ्याला भेटायला जाल, तर डबा उघडण्याआधी डॉक्टर काय म्हणाले ते विचारा. एवढं तरी जमेल?