हिरव्या रंगाखाली

जुना ट्रॅक्टर घेणं म्हणजे चार घरं फिरून आलेली म्हैस घेणं. प्रत्येक धन्यानं तिला आपली एकेक खोड लावलेली असते. माझ्या ट्रॅक्टरला जीपची सीट होती, कुठल्याशा टेम्पोचं स्टिअरिंग होतं आणि सायलेन्सरच्या जागी चक्क बोअरचा पाइप. हॉर्न वाजवायचा तर मडगार्डखालची दोन वायरची टोकं एकमेकांना चिकटवायची. लोक हसायचे. हसू देत. मला यातलं काहीच दुरुस्त करायचं नव्हतं. मला एकच गोष्ट शोधायची होती: या ट्रॅक्टरचा हूक वर कोणी चढवला?

ट्रॉली ओढायचा हूक मागच्या चाकांच्या धुऱ्याच्या, म्हणजे आसाच्या खाली असावा लागतो. तो वर चढवला आणि ट्रॉली चिखलात रुतली, की जोर लावताना ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटा होतो. या ट्रॅक्टरचा तेव्हाचा मालक उकंडराव असाच गेला. सोयाबीनची ट्रॉली नाल्यातून काढत होता. त्याच्या दहाच दिवस आधी हा ट्रॅक्टर शेलूबाजारला सैफुद्दीन चाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात होता, आणि त्यावर काम केलं होतं त्यांच्या मुलानं, खालिदनं. वरचं छत बसवलं, सीट बदलली. मग हूकही त्यानंच चढवला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

खालिद माझा शाळेपासूनचा दोस्त. उलटलेला ट्रॅक्टर बघायला आम्ही सोबतच गेलो होतो. तो मागच्या बाजूनं वाकला, हुकाजवळ नखानं काहीतरी खरवडलं आणि उभा राहिला. चेहरा पांढराफटक. कोणीतरी विचारलं, "हे तुवंच केलं ना बे?" तो काहीच बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ लोक काय काढतात, ते सांगायला नको.

चाचांनी भर बाजारात त्याला सुनावलं, "तुह्या हातानं मानूस मेला. माह्या दुकानात पाय ठेवू नको." खालिद सुरतला गेला. वर्षभरात एका शेडच्या पत्र्यावरून खाली पडला आणि अँब्युलन्समधून त्याचा मृतदेहच घरी आला. मेहरबी चाची तेव्हापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलतात.

ट्रॅक्टर पुढे भंगारात गेला. तिथून कोणीतरी तो उभा केला, निळा रंग दिला, खाली नवीन हूक लावला. मंगरूळपीरला विकायला निघालाय म्हटल्यावर मी घेतला. अपशकुनी आहे, म्हणून लोक घाबरवत होते. आमच्या घरानं शकुन-अपशकुन आजोबांच्या काळातच, छप्पन साली दीक्षा घेतानाच सोडले. मला भीती वेगळीच होती. जुना हूक कापून फेकला असेल तर खालिदच्या नावावरचा डाग कायमचा तसाच राहणार होता.

चाचा यायला तयार नव्हते. "कायले उकरून राह्यला?" म्हणाले. मी रोज जाऊन डोकं खाल्लं, तेव्हा एका दुपारी आले.

मागच्या बाजूला एक पत्र्याची टूलबॉक्स होती. निळा रंग देणाऱ्याची कारागिरी. आत एक गंजका पाना आणि उंदराचं घरटं. पेटी सोडवली आणि मागे ती दिसली, भोक पाडलेली जाड प्लेट, धुऱ्याच्या चांगली वीतभर वर. जुना हूक तिथंच अडकवलेला असणार. कापायचा कंटाळा केला आणि वरून पेटी ठोकली. आळशी माणसाचे मी आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले.

मी खरवडायला बसलो. वर निळा रंग, त्याखाली हिरवा. हिरवा थेट वेल्डिंगवर चढलेला होता, अगदी सांध्याच्या खाचेत. कुठं जळल्याची खूण नाही.

"चाचा, हिरवा रंग धरमसिंगनं देल्ला होता ना? उकंडरावले विकायच्या आधी?"

"हो."

"मंग हे त्याच्याबी आधीचं हाय! रंगावर वेल्डिंग केलं असतं तं रंग जळला असता. उकंडरावनं घेतला तवा हे लागूनच होतं. खालिदनं नाई केलं, चाचा!"

मी अक्षरशः नाचत होतो. त्या क्षणी मला वाटलं, खालिद आत्ता येऊन पाठीत धपाटा घालेल. किती वर्षांनी मी एवढा खूश होतो.

चाचांनी चष्मा लावला. हिरवा रंग स्वतः खरवडून काढला, सांध्यावरून अंगठा फिरवत उजव्या टोकाला गेले आणि तिथंच थांबले. त्या टोकाला लोखंडाची एक छोटी गाठ होती.

ती गाठ मला माहीत होती. वेल्डिंग संपताना चाचा रॉड किंचित मागे घेऊन गाठ देतात, म्हणजे टोकाला खड्डा पडत नाही. बापाचं बघून खालिदही द्यायचा. पण खालिद डावखुरा. तो उजवीकडून डावीकडे यायचा, त्याची गाठ डाव्या टोकाला असायची. त्यावरून आम्ही त्याला किती चिडवायचो.

"दुष्काळाचं साल होतं," चाचा म्हणाले. "तुमी दोघं नववीत होते. धरमसिंगनं पान्याचं टँकर आनलं, त्याचा दांडा उंच, खालच्या हुकाले पुरेना. म्या म्हनलं, सडकेनंच चालवतो तं लावून देतो. पानी पडलं का घेऊन ये, कापून देतो."

"नाई आला?"

"नाई आला. अन् मी इसरून गेलो. साफ इसरून गेलो रे."

खालिदनं त्या दिवशी नखानं काय खरवडलं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं आपल्या बापाची गाठ ओळखली होती. बापानं भर बाजारात शिव्या घातल्या तेव्हाही त्याला ते माहीत होतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि सुरतेच्या गाडीत बसला. मला त्याचा राग आला, इतका राग की रडूही येईना. अरे, मला तरी सांगायचं होतंस.

चाचा दुसऱ्या दिवसापासून बाजारात उभे राहू लागले. चहाच्या हॉटेलात, खताच्या दुकानासमोर, जीपच्या अड्ड्यावर. "ते काम माहं होतं. खालिदचं नोयतं." लोक त्यांना बसायला खुर्ची देत, चहा पाजत. "म्हाताऱ्याच्या काळजाले लागलं," म्हणत. मी लोकांना धरून ट्रॅक्टरपाशी नेलं, रंग दाखवला, गाठ दाखवली. त्यांनी कौतुकानं पाहिलं आणि एकानं विचारलं, विकतो का. घरी चाचींना सांगितलं, तर त्यांनी चाचांपुढचं ताट उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. विश्वास ठेवला तो त्या एकट्यांनी.

शेवटी चाचा म्हणाले, "मले गोमतीबाईकडं घेऊन चाल." उकंडरावच्या बायकोकडे. मोटरसायकलवर नेलं. ती अंगणात तुरी पाखडत होती. चाचा तिच्यासमोर खालीच बसले, टोपी काढली आणि सगळं सांगितलं. टँकर, दुष्काळ, विसरणं, काहीच लपवलं नाही. "बाई, तुमचा मानूस माह्यामुळं गेला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग डोळ्याला पदर लावला.

"भाऊ, मेलेल्या लेकरासाठी बाप काय काय आंगावर घेते," ती म्हणाली. "पन असं करू नका. म्या तुमच्या पोराले कवाचीच माफी देल्ली."

तिनं आत जाऊन पाणी आणलं, ते त्यांनी प्यायलं. येताना पूर्ण रस्ताभर ते माझा खांदा घट्ट धरून बसले होते. गावाच्या फाट्यावर आल्यावर कानाशी म्हणाले, "त्याले कायची माफी रे, संघदीप?"

मी गाडी चालवत राहिलो.