पहिलं पान झाकलेली वही

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, आखीव, जाड पुठ्ठ्याची. खरं तर मी बोलायला नको. आधीच गरजेपेक्षा जास्त बोलून बसलेय आणि त्याची शरम अजून गेलेली नाही. पण तोंड लपवूनही काही होत नाही, म्हणून सांगते.

मला लिहिलं ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी त्यांचा शिकवण्याचा हात काही थांबेना. खिडकीपाशी बसून रोज माझं एक पान भरायच्या. डाव्या बाजूला ग्रीक आणि लॅटिन शब्दांची मुळं, उजव्या बाजूला त्यांच्यापासून झालेले इंग्रजी शब्द. टेली म्हणजे दूर. बायो म्हणजे जीव. डर्मा म्हणजे त्वचा, आणि शेवटी इटिस आलं की दाह. एक मूळ पाठ झालं की दहा शब्द आपसूक ओळखीचे होतात, असं त्या म्हणायच्या. सगळी पानं भरल्यावर त्यांनी कोऱ्या ठेवलेल्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'शब्द तोडा. अर्थाचा अंदाज करा. मग कोश उघडून खात्री करा. तिसरी गोष्ट केली नाही, तर पहिल्या दोन करू नका.'

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बाईंची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मला एका विद्यार्थिनीच्या हाती दिलं. ही मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती आणि इंग्रजीच्या पेपरला घाबरत होती. ती आपल्या आत्याकडे लहानाची मोठी झालेली. आत्या शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे कापडाचे तुकडे. भाची मला घेऊन आली त्या दिवशी आत्याने माझे झिजलेले कोपरे पाहिले आणि म्हणाली, "आण इकडे. अशी उघडीवाघडी वही वापरतात का?"

उरलेल्या निळ्या कापडाचं तिने मला कव्हर शिवलं. सैल पडू नये म्हणून आतल्या कप्प्यात पुठ्ठ्याबरोबर माझं पहिलं पानही सरकवलं आणि वरून शिलाई मारली. मी इतकी खूश झाले की विचारू नका. नवे कपडे कोणाला आवडत नाहीत? लाल शाईचं पान आत गेलं, याचं मला काहीच वाटलं नाही.

भाची हुशार होती. पेन्सिल घेऊन समोर येईल तो शब्द तोडायची. औषधाची पाकिटं, साबणाची वेष्टनं, बसवरच्या जाहिराती, काही सोडलं नाही. प्रत्येक शब्दात तिरप्या रेघा मारायच्या, खाली तुकड्यांचे अर्थ लिहायचे आणि बेरीज करायची. दहातले आठ अर्थ बरोबर यायचे. शेजारीपाजारी आपापले कागद घेऊन यायला लागले. कोणी तिला 'शब्दकोश' म्हणू लागलं. खरा शब्दकोश मात्र कपाटावर धूळ खात पडला होता आणि मला त्याची कीव यायची.

एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंची टाच दुखत होती. भाचीने माझ्यात पाहिलं, 'पेड' म्हणजे पाय, आणि त्यांना पीडिअ‍ॅट्रिकची पाटी असलेल्या दवाखान्यात पाठवलं. काकू तासभर रडणाऱ्या पोरांच्या रांगेत बसून परत आल्या. "अगं, तिथल्या डॉक्टरने मला खडीसाखरेएवढी गोळी दिली आणि म्हणाला, आजी, हा लहान मुलांचा दवाखाना आहे!" सगळे पोट धरून हसले. आत्या तर मशीनवर डोकं टेकून हसली. हसू ओसरल्यावर तिने दोरा ओवता ओवता सांगितलं, "मी पण तुकडे जोडूनच झगा शिवते गं. पण अंगावर घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही."

भाची हसली आणि पुढचा शब्द तोडायला लागली. मीही ते बोलणं कानाआड केलं.

आत्याच्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. अलीकडे तिची पाठ दुखायला लागली, म्हणून डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितलं होतं. रिपोर्ट घेऊन गुरुवारी दाखवायला या, असं बजावलं होतं. सोमवारी दुपारी भाची रिपोर्टचं पाकीट घेऊन आली. घरभर शाळेच्या गणवेशांचे ढीग होते. आत्याने मशीन थांबवलं.

"वाच ना. तुला येतं की आता सगळं."

भाचीने मला उघडलं. त्या कागदावर एक लांबलचक शब्द होता, मेटास्टॅसिस. तिने मधोमध रेघ मारली. 'मेटा' माझ्या चाळिसाव्या पानावर होतं, म्हणजे नंतर, पलीकडे. 'स्टॅसिस' एकशे बाराव्या, म्हणजे थांबणे, जागीच उभं राहणे. तिने बेरीज केली आणि तिचा चेहरा उजळला.

"आत्या, थांबलंय गं! ऑपरेशननंतर जागच्या जागी थांबलंय!"

आत्याने हातातली कात्री खाली ठेवली, डोळे पुसले आणि भाचीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "मग गुरुवारचं राहू दे. शाळा उघडायच्या आत हे गणवेश द्यायचेत. पाठ काय, मशीनवर बसून दुखणारच."

तुकड्यांचे अर्थ बरोबर होते. पूर्ण शब्द मला ठाऊकच नव्हता. तरी मी छाती पुढे काढून बसले होते. त्या आनंदात माझाही वाटा आहे, असं मला वाटत होतं. आज ते आठवलं की पानं मिटून घ्यावीशी वाटतात.

पाच आठवडे गेले. मग एका सकाळी आत्याला मशीनचं पायडल दाबवेना. भाचीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी तिच्या पिशवीत होतेच, मला ती कुठेही सोडत नसे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, तारीख पाहिली आणि त्याच लांबलचक शब्दावर बोट ठेवलं.

"आजार मूळ जागा सोडून हाडांमध्ये पसरलाय, असं यात स्पष्ट लिहिलंय. इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

भाचीचा हात पिशवीवर होता. तिने तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "माझीच चूक डॉक्टर. कामाच्या नादात राहून गेलं."

आणि भाची गप्प राहिली. आत्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि आम्ही दोघींनी ते घेऊ दिलं. मला तोंड नव्हतं, तिला होतं. पण तिला एकटीला बोल लावायची माझी हिंमत नाही.

घरी आल्यावर तिने मला मशीनच्या खणात, चिंध्यांखाली कोंबलं. बरं वाटलं मला. माझी जागा तीच होती. उपचार सुरू झाले. आत्याचे केस गेले, हात बारीक झाले. भाची स्वयंपाक करायची, औषधं द्यायची, पण अभ्यासाचं नाव काढत नव्हती.

एके दिवशी आत्या खणात बटणं शोधत होती आणि तिच्या हाताला मी लागले. कव्हरची शिलाई एका बाजूने उसवली होती. ती नीट करावी म्हणून तिने ब्लेडने उरलेले टाके काढले आणि पहिलं पान बाहेर आलं. तिने लाल अक्षरं ओठ हलवत वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग हाक मारली.

"इकडे ये गं. हे बघ, मीच झाकून टाकलं होतं. दोष माझ्या शिलाईचा आहे. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

भाचीने ते पान पाहिलं. तिला सुटका हवी असती, तर ती तिथेच मिळाली असती. माझंही मन म्हणत होतं, घे बाई, म्हण की पान दिसलंच नाही.

"नाही आत्या," ती म्हणाली. "वही देताना बाईंनी हे मला तोंडाने तीनदा सांगितलं होतं. मला कंटाळा यायचा कोश उघडायचा. आणि डॉक्टरांसमोर तू माझी चूक अंगावर घेतलीस, तेव्हा मला बरं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते."

ती रडली. आत्याने तिला रडू दिलं. मग कव्हर परत चढवलं, पण या वेळी पहिलं पान बाहेर ठेवून.

आज आम्ही तिघी दवाखान्यात आलोय. नवा स्कॅन झालाय, पाकीट भाचीच्या मांडीवर आहे. बाकावर बसल्या बसल्या आत्याने तिला कोपर मारलं. "तोड की. रेघा मार. तोवर माझा वेळ जाईल." भाचीने घाबरत मला उघडलं, रिपोर्टमधल्या एका शब्दात रेघ मारली, माझ्या समासात तुकड्यांचे अर्थ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या दोनशे पानांतलं ते पहिलं प्रश्नचिन्ह. अंदाज काय आहे, ते तिने आत्याला सांगितलं नाही. आत्यानेही विचारलं नाही.

नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांच्या टेबलावर मला ठेवून ती उभीच राहिली.

"डॉक्टर, मागचा रिपोर्ट दाखवायचा राहिला तो आत्यामुळे नाही. मी तो वाचला आणि चुकीचा अर्थ सांगितला. म्हणून आम्ही आलो नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते पाच आठवडे मिळाले असते तर काय झालं असतं, हे मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कोणालाच येणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हा तुम्ही वाचा."

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी वही असेल, तर आधी तिचं पहिलं पान उघडून बघा, एवढंच मागते. माफी मागायचा मला हक्क नाही. डॉक्टरांनी चष्मा लावलाय. आत्याने एक हात भाचीच्या हातात दिलाय आणि दुसरा माझ्यावर ठेवलाय. मी गप्प बसते.