घरात खोकतं कोण?

तुळसाने मालनला ठाण्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा ते घरात कुणालाच पटलं नव्हतं. ते एकोणीसशे चोपन्न साल होतं. मालन तेरा वर्षांची. दिवाळीपासून तिच्या अंगावरचं मांस झडत चाललं होतं, दिवस कलला की अंग तापायचं, आणि गळ्याच्या एका बाजूला सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. नवरा नाथा मचव्यावर, मालाच्या होडीवर, मीठ भरायच्या कामाला. तो म्हणाला, “थंडीचा तरास हाय, जाईल.” सासरे भिवा कोलशेतच्या मिठागरांवर मुकादम होते. त्यांना धास्ती वेगळीच होती.

“दवाखान्यान नेलीस आनि काय भलता नाव निंगाला, त पोरीला पदरान कोन घेल?”

दुसऱ्या सकाळी मिठाची बैलगाडी ठाण्याला निघाली, तेव्हा गोणींवर घोंगडी टाकून तुळसाने मालनला बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर रतन प्रधान होत्या. ठाण्यातच वाढलेल्या, मोजकं आणि सरळ बोलणाऱ्या. त्यांनी मालनच्या गाठी चाचपल्या, छातीचा फोटो काढवला, आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला.

“क्षय आहे,” त्या म्हणाल्या. तुळसाचा हात मालनच्या खांद्यावर घट्ट झाला, तसं त्यांनी पुढे सांगितलं, “थांब, घाबरू नकोस. दहा वर्षांपूर्वी आली असतीस तर मीही घाबरले असते. आता औषध आहे.”

“हितं ठेवून घ्याल?”

“लहानांसाठी वेगळ्या खाटा नाहीत गं. मोठ्या रोग्यांच्या खोलीत वर्षभर ठेवली तर पोर झुरून जाईल. औषध घरी देता येतं. सुया टोचायला इथे यायचं, गोळ्या आणि पुड्या घरी. पण एक दिवस चुकवायचा नाही, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. जमेल?”

“जमंल,” तुळसा म्हणाली. हे उत्तर देताना तिला विचार करावा लागला नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दाखवली. मोठ्या माणसांसाठी केलेली होती. मालनला अर्धीच द्यायची होती. “घरी अडकित्ता हाय,” तुळसा म्हणाली, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी विचारलं, “घरात खोकतं कोण?”

तुळसाने मालनकडे पाहिलं.

“हिच्यापासून कुणाला धोका नाही,” बाई म्हणाल्या. “पण हिला हे कुणाकडून तरी आलंय. मुलांना हा रोग घरातल्या, शेजारच्या मोठ्या माणसाच्या खोकल्यातून लागतो. ते माणूस तसंच राहिलं, तर आज ही, उद्या दुसरं पोर.”

भरतीच्या वेळी बांधाची उघाडी, खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, उघडी राहिली, तर कितीही पाणी उपसा, आगर कोरडं होत नाही, हे तुळसाला कुणी सांगायला नको होतं. आणि खोकणारं माणूस कोण, तेही. रोज संध्याकाळी भिवा ओट्यावर बसायचे आणि मालनसकट आळीतली पोरं त्यांना बिलगून गोष्टी ऐकायची. गोष्टीच्या मधे मधे खोकला. मिठाची धूळ छातीत गेलीय, असं ते म्हणायचे, आणि सगळ्यांना ते खरं वाटायचं.

लग्न होऊन आल्यापासून तुळसा सासऱ्यांसमोर कामापुरतंच बोलली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन मिठागरावर गेली. भिवा बांधावर एकटेच बसले होते. तिने भाकरी पुढे ठेवली, पण माघारी फिरली नाही.

“मामा, तुमी ठान्याला चला. छातीचा फोटो काढायचा हाय.”

“कोनाच्या छातीचा?”

“तुमच्या. बाई बोलल्या, मालनला ह्यो रोग घरातल्या खोकल्यानं लागलाय.”

भिवांचा हात घासावरच थांबला. “म्हंजी मी माझ्या नातीला मारतंय, असा बोलतंस तू?”

“नाय मामा. तुमाला तरी कुठं ठावं होतं? पन आता ठावं झालंय.”

भाकरी तशीच टाकून भिवा उठले आणि बांधाबांधाने चालू लागले. त्या दिवशी ते घरी आले नाहीत. मिठागरावरच्या झोपडीत राहिले. नाथा बायकोवर चिडला, “म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंस!” तुळसा म्हणाली, “उद्या मी जातंय आनायला.”

पण तिला जावं लागलं नाही. दुसऱ्या सकाळी ती मालनला घेऊन मिठाच्या गाडीकडे आली, तेव्हा भिवा रस्त्यावर उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, तोंडावर उपरणं धरलेलं. मालन त्यांच्याकडे धावली, तर त्यांनी हातानेच तिला दूर थांबवलं आणि ते गाडीच्या अगदी मागच्या टोकाला जाऊन बसले.

त्यांच्या थुंकीत रोगाचे जंतू निघाले. भिवा झोपडीतच राहू लागले, आणि सुया, गोळ्या, पुड्या आजा-नातीला एकदमच सुरू झाल्या. पुड्यांची चव अशी, की पोटातलं सगळं वर यावं. तुळसा ती पूड पेजेत कालवून द्यायची. उन्हाळा येईतो मालनच्या गालांवर मांस चढलं, ताप गेला, आणि एका सकाळी तिने वाटी दूर सारली.

“मी बरी झालंय. नाय घ्यायची मना. पोरी चिडवतात, म्हातारीसारखी औषधं खातंस म्हून.”

नाथाही म्हणाला, “सोड ना आता, दिसतेय तर धडधाकट.”

तुळसाने वाद घातला नाही. ती मालनला घेऊन मिठागरावर गेली. भिवा झोपडीबाहेर बसले होते. सारं ऐकून घेतल्यावर त्यांनी आपली पुडी पाण्यात ढवळली आणि नातीच्या डोळ्यांसमोर घटाघटा प्यायले. तोंड कडूजहर झालं, तरी हसले.

“मालन, मुकादम कोन हितला? मीच ना? मग ऐक. मी घेतंय तवर तुना घ्यायची. रोज हितं यायचा, लांब बसायचा, आनि दोघांनी मिलून प्यायचा. बघू कोन पयला तोंड वाकरा करतंय.”

मालनला हसू फुटलं. त्या दिवसापासून औषध चुकलं नाही.

पुढल्या वर्षी मुलांना क्षयाची लस टोचणारी मंडळी कोलशेतला येणार, अशी दवंडी फिरली, आणि गावात कुजबुज सुरू झाली. सुईने पोरी वांझ होतात, असं कुणीतरी म्हणालं. मंडळी आली त्या सकाळी अर्ध्या घरांची दारं बंद होती. देवळासमोर टेबल मांडलेलं, आणि समोर कुणी नाही.

भिवा आता घरी परतले होते. बाई म्हणाल्या होत्या, थुंकी स्वच्छ आहे. तरी गावात अजून सगळे मिठाची धूळच धरून बसले होते. भिवा देवळाच्या पायरीवर उभे राहिले. मिठागरावर हाळी द्यायचे तसाच आवाज लावला.

“आयका रं! मना क्षय झालेला. धूल नाय, क्षय. माझ्यामुलं माझी नात मरायला टेकली व्हती. ती बगा, उभी हाय. तुमची पोरा माझ्याच ओट्यावं बसायची. मी तोंड लपवत नाय, त तुमी पोरा कशाला लपवता?”

माणसं मान खाली घालून मुकादमापुढे उभी राहायची, हे तुळसाने पाहिलं होतं. मुकादम स्वतःहून गावापुढे असा उभा राहिलेला तिने कधी पाहिला नव्हता.

आधी आळीतली आवडाबाई दोन पोरांना घेऊन आली. मग एकेक दार उघडलं. दुपारपर्यंत रांग देवळाला वळसा घालून गेली. लस टोचायच्या आधी, रोग आधीच शिवलाय का हे कळायला, प्रत्येकाच्या हातावर परीक्षेची बारीक सुई होती, आणि चौथ्या दिवशी मंडळी ती पाहायला परत आली. आवडाबाईच्या धाकट्याचा हात टरारून सुजला होता. रोग याला आधीच शिवलाय, लस नको, आधी छातीचा फोटो काढा, असं त्यांनी सांगितलं.

आवडाबाई रडकुंडीला येऊन तुळसाकडे आली. “आता गो काय करू?”

“करायचा काय? उद्या मिठाची गाडी जातेय,” तुळसा म्हणाली. “मी येतंय संगती. बाई विचारतील, घरात खोकतं कोण. तवा खरं सांगायचं, एवढंच.”

आवडाबाई हलकेच म्हणाली, “माझी सासू खोकते.”

“मग तिला पन घे,” तुळसा म्हणाली, “गाडीन जागा हाय.”