भोपळा नावाचा कंपायलर

अंधेरीच्या त्या कंपनीत भर दुपारी सगळा मजला सुबोध सरांच्या टेबलाभोवती गोळा झाला होता. सरांनी मशीनला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअरचं पॅकेज तयार व्हायला एरवी चाळीस मिनिटं लागत. आज चार मिनिटांत पडद्यावर हिरवी खूण!

"कंपायलर म्हणजे आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी," सर म्हणाले. "पण मी निवडलेला कंपायलर जागृत आहे, बाळांनो! शंकेखोराच्या हाती तो चालायचा नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात श्रुतिकाच्या. तिला हाताला धरून काम शिकवलं होतं ते सरांनीच. चाळीस मिनिटं घेणारा जुना कंपायलर निवडणाऱ्या नंदूला टीममधून काढलं, तेव्हा "नंदूची निवडच चुकली" असं तिनंच लिहून दिलं होतं.

आठवड्याभरात ग्राहकाची तक्रार आली. परवाच दुरुस्त केलेली चूक नव्या पॅकेजमध्ये जशीच्या तशी होती. श्रुतिका तपासायला बसली. कोणता कंपायलर वापरायचा, हे पॅकेजिंगच्या फाइलमधली एकच ओळ ठरवते. तिथलं नाव खोडून तिनं गंमत म्हणून 'भोपळा' लिहिलं. असा कंपायलर जगात नाही. मशीन अडायला हवं होतं.

चार मिनिटांत हिरवी खूण!

तिनं खोदून पाहिलं. सरांनी गुपचूप एक सेटिंग बदललं होतं. मशीन आधी बांधून ठेवलेली पॅकेजं उचलायचं आणि वर नवी तारीख चिकटवायचं. कंपायलर कुठलाच चालत नव्हता. आणि ती जुनी पॅकेजं बांधली होती नंदूच्या कंपायलरनं!

तिनं सगळ्यांना बोलावून 'भोपळा' चालवून दाखवला. मग ते सेटिंग बंद करून सरांचा कंपायलर लावला. बेचाळीस मिनिटं लागली.

"श्रुतिका, तुला मी घडवलं गं," सर पुटपुटले. "निदान आधी एकटीनं येऊन विचारायचंस."

"नंदूला विचारलं होतं का आपण, सर?" तिचा आवाज फाटला.

संध्याकाळी तिनं नंदूला फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"सरांचं सोड," तो म्हणाला. "तू तरी एकदा बघायचंस ना यार."

ती फाइल सगळ्यांना उघडी होती. एक ओळ बदलायची, बस्स. ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याचंच म्हणणं आपण तपासत नाही; आणि त्यापायी नाहक कुणीतरी तिसराच भरडला जातो. म्हणून माणूस कितीही आपला असो, चमत्कार दिसला की बघावं, तपासावं, आणि मगच टाळी वाजवावी.