बोरस्ते सरांच्या एकशे बारा चुका

बोरस्ते सर रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, तसं त्यांचं इंग्रजी. गंगापूर रोडवरून फिरायला निघाले की दुकानांच्या पाट्या वाचत चालायचे आणि प्रत्येक पाटीत काहीतरी खोट काढायचे. मोहिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, कंटाळून पुढे निघून जायच्या. "तुम्ही बसा पाट्यांना मार्क देत, मी भाजी घेऊन येते," म्हणायच्या.

वणीच्या शाळेत सरांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पोरं ज्या शब्दांत हमखास घोटाळा करतात अशा जोड्या त्यांनी एका जाड वहीत टिपून ठेवल्या होत्या. बॉरो आणि लेंड, हिअर आणि लिसन, अशा एकूण एकशे बारा. आणि प्रत्येक जोडीपुढे एक नाव, ज्या पोरानं ती चूक पहिल्यांदा केली त्याचं. नाथाची चूक, सरूची चूक. नाथानं एकदा निबंधात आईबद्दल लिहिलं, 'माय मदर इज अ गुड कुकर'. आता कुक म्हणजे स्वयंपाक करणारी आणि कुकर म्हणजे भांडं. सरांनी ते वाक्य भर वर्गात वाचून दाखवलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं शिट्टी मारली. मग काय, वर्षभर नाथा फळ्यापाशी गेला की शिट्ट्या. पण ती चूक त्या वर्गात पुन्हा कुणी केली नाही, हेही खरं! नाव लावलं की चूक डोक्यात बसते, असं सरांचं ठाम मत होतं. त्यांना त्यात मायाच वाटायची.

नव्याण्णव सालच्या दहावीच्या पोरांनी येत्या रविवारी वणीला मेळावा ठरवला होता आणि सर त्यात पाहुणे. सरांनी मनाशी घेतलं, वहीचं छोटं पुस्तक करायचं आणि एकेकाच्या हातात ठेवायचं. आपल्यामागे आपलं म्हणून राहणार काय, तर एवढंच. मोहिनीबाई म्हणाल्या, "शाल घ्या, नारळ घ्या आणि या की गुपचूप." पण ऐकतील ते सर कसले! घराजवळच्या 'अदिबा ग्राफिक्स'मध्ये त्यांनी वही नेऊन दिली. दुकानदार चाळिशीचा, दाढी राखलेला, मोजकं बोलणारा माणूस. वही चाळता चाळता तो एका पानावर बराच वेळ थांबला. मग "गुरुवारी प्रूफ देतो, सर," एवढंच म्हणाला.

गुरुवारी सर लाल पेन घेऊन दुकानात हजर. प्रूफ सुरेख झालं होतं. इतकं शुद्ध टायपिंग बघून सर खूश झाले. पण शेवटचा आकडा बघितला तर एकशे अकरा.

"भाऊ, तुम्ही एक जोडी खाल्लीत," सर म्हणाले. "सत्तेचाळीस नंबर. पास्ड आउट आणि पास्ड अवे."

"ती सोडून छापू या ना, सर."

"का म्हणून? अहो, हिरा आहे तो! पास्ड आउट म्हणजे शिक्षण पुरं करून बाहेर पडणं आणि पास्ड अवे म्हणजे वारणं. आमच्या एका पोरानं अर्जात लिहिलं, 'माय फादर पास्ड आउट'. मी वर्गात विचारलं, अरे वा, वडील पास झाले, मग पेढे कुठेत? काय हसला होता वर्ग, विचारू नका!"

सर आत्ताही हसले. दुकानदार हसला नाही. त्यानं कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"चार दिवस झाले होते, सर. अब्बांना जाऊन."

सरांना पहिल्यांदा काही कळेचना. 

"मी मुझफ्फर. सलाउद्दीन पिंजाऱ्याचा. बाजारात गाद्या भरायचे ना, त्यांचा."

आता सरांना सगळं आठवलं, पोरानं पुढे शाळा सोडली होती तेही. चार दिवसांच्या रजेचा अर्ज होता तो. त्यांनी तो पुरता वाचलाच नव्हता. एक ओळ सापडली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला!

"अरे... मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलणार, सर? सगळे हसत होते. मीपण हसलो थोडा."

सर स्टूलवर बसले. मुझफ्फरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो चिडलेला नव्हता, आणि त्याचंच सरांना जास्त लागलं. चिडला असता तर निदान ऐकून तरी घेता आलं असतं.

"त्या अर्जापायी शाळा सोडलीस?"

"कामाला लागायचंच होतं, सर. अब्बा गेले, घर चालवायचं होतं. पण दहावीला बाहेरून बसलो असतो. फॉर्मवर वर्गशिक्षक म्हणून तुमची सही हवी होती. तुमच्यासमोर यायला नको वाटलं, बस."

सरांनी लाल पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, "सगळी नावं काढून टाक. आणि रविवारी तू ये. येशील ना?"

"मी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर नाही, सर. नाथा पण नाही."

सरांनी घाईघाईनं मोबाइल काढला. मेळाव्याला येणाऱ्यांची यादी त्यांना आली होती, त्रेचाळीस नावं. ती त्यांनी प्रूफाशेजारी धरली आणि बोट ठेवून एकेक नाव ताडून बघितलं. त्या वर्गातली सात नावं पुस्तकात होती. यादीत त्यांतलं एकही नव्हतं. सरांनी पुन्हा वरपासून बघितलं, तरी नव्हतं.

"नाथा कुठं असतो रे?"

"वणीलाच. देवीच्या गडाच्या रस्त्याला खाणावळ आहे त्याची, जोरात चालते. मेनूकार्ड मीच करून देतो. इंग्रजीतून एक अक्षर घालू देत नाही."

"नंबर सांग."

मुझफ्फरनं नंबर सांगितला. सरांचा दोनदा आकडा चुकला. तिसऱ्यांदा फोन लागला. पलीकडे भांड्यांचा खणखणाट, कुणीतरी भाकरी मागत होतं.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"नाथा, मी बोरस्ते सर."

पलीकडचा खणखणाट मागे पडला. मग दबक्या आवाजात, वर्गात उभं केल्यासारखा, पंचेचाळिशीकडे झुकलेला नाथा म्हणाला, "सर? काय चुकलं सर माझं?"

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"तुझं नाही रे बाळा," ते म्हणाले. "माझं चुकलं. तेच सांगायला फोन केलाय."