भोपळ्याला झालेला कॅन्सर

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्तीत एवारिस्तोबुवाच्या मेणबत्त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बुवा अंगावरून अंडं फिरवायचा, ग्लासातल्या पाण्यात फोडायचा आणि आतलं दुखणं बायांना डोळ्यांनी दाखवायचा.

ऑरेलियाची पाळी आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. मंगळवारी फेरतपासणी होती आणि भीतीने तिची झोप उडाली होती.

बुवाने छातीवरून अंडं उतरवून फोडलं. पाण्यात पांढरी जळमटं वर आली.

"बघ पोरी, मुळासकट निघाली पीडा." मग दुसरं अंडं, दुसरा ग्लास. पाणी नितळ. "आता यंत्रात छाती दाबून घेशील, तर झोपलेला साप उठवशील."

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, टोपल्यांनी अंडी फोडलेली ही बाई दोन अंड्यांत गार झाली. खरं तर तिला जिंकलं होतं ते बुवाच्या एका प्रश्नाने. तो तिच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये म्हणाला होता, "झोप लागते का गं?" दवाखान्यात उपचार संपले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या; पुढे कुणी ढुंकून पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई भराभर इंग्रजीत बोलत आणि ही शहाणी प्रत्येक वाक्याला 'येस' म्हणे. "काही शंका?" यालाही ती येसच म्हणाली होती. मग दोघी एकमेकींकडे बघत बसल्या.

सोमवारी चायो कॉफीला आली. ऑरेलियाच्या लेकीची ती धर्ममाता, त्यामुळे घरात तिचा शब्द चाले.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"जायचंच नाही. मी बरी झाले." ऑरेलियाने सगळी हकिगत सांगितली.

चायोने शांतपणे एक अंडं उचललं, ओट्यावरच्या भोपळ्यावरून फिरवलं, बुवासारखे डोळे मिटून पुटपुटली आणि कॉफीच्या उकळत्या पाण्यात फोडलं. पांढरी जळमटं वर आली.

"अगं बाई, भोपळ्यालाही झालाय की."

"गप गं."

दुसरं अंडं तिने नळाच्या पाण्यात फोडलं. पाणी नितळ. "घे, झाला बरा."

आता ऑरेलियाला आठवलं. बुवाच्या पडद्याआड किटली होती, पहिल्या ग्लासातून वाफही निघत होती. "मला वाटलं, दुष्ट आत्मा चाललाय."

"आत्मा कसला, अक्कल चालली होती. तुझी."

"पण तो ऐकतो गं. तिथं माझं कोण ऐकतं?"

"तिथं तोंड उघड. दुभाषी माग. मी येते बरोबर."

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत सुरुवात केली आणि ऑरेलिया पहिल्यांदाच म्हणाली, "नो." दुभाषी आली. यंत्राने छाती दाबली, चांगलीच दुखली. उजवीकडे तांदळाएवढी गाठ दिसली. वेळेवर सापडली, म्हणून ऑपरेशनने पुरती निघाली.

आता शनिवारी ऑरेलिया थर्मासात गरम पाणी आणि टोपलीत अंडी घेऊन बुवाच्या रांगेजवळ उभी राहते.

"बायांनो, गरम पाण्यात अंड्याचं पांढरं शिजतं. चमत्कार तो एवढाच. जन्मभर रोज बघत होते, तरी फसले. भीती मलाही वाटते. तिला सोबत घेऊन तपासणीला जा, आणि कळलं नाही तर विचारा."

"आणि अंड्याचं काय करायचं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"मिरची घालून तव्यावर टाका," ऑरेलिया म्हणाली.